आपलं कोण, परकं कोण?

उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात हर्मिट खेकडे रिकामे शंख पाठीवर घेऊन फिरतात. आपल्या कोकणातल्या खडकांतही या खेकड्यांचे भाऊबंद भेटतात. पण तिकडच्या काही शंखांवर गुलाबीसर मखमल चढलेली असते, आणि ती चक्क जिवंत असते! हा हायड्रॅक्टिनिया एकिनाटा, जेलीफिश आणि प्रवाळांचा नातलग.

भिंगाखाली धरलं तर या मखमलीचा एकेक केस म्हणजे काही मिलिमीटर उंचीचा पॉलिप असतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं. काहींना तोंड आणि भोवती शुंडकं. ते शिकार गिळतात. काहींना तोंडच नाही. ते फक्त अंडी किंवा शुक्राणू बनवतात. शंखाच्या दाराशी, खेकड्याच्या अगदी शेजारी, लांब, गुंडाळी होणारे पॉलिप असतात. त्यांच्यात डंख मारणाऱ्या पेशी खच्चून भरलेल्या. तरी उपाशी कुणीच राहत नाही, कारण बुडाशी सगळ्यांची पोटं बारीक नळ्यांनी जोडलेली आहेत. एकाने खाल्लं, की ते सगळ्यांना पोचतं.

या साऱ्याची सुरुवात एका अळीपासून होते. ती तळाशी सरपटत राहते, जाणाऱ्या शंखाला चिकटते आणि तिथल्या जीवाणूंच्या थराची रासायनिक खूण पटली की पॉलिप बनते; त्या एकापासूनच पुढे पॉलिपांची सगळी वसाहत पसरते. पण एकाच शंखावर दोन अळ्या रुजल्या तर?

खरी गंमत इथे आहे. दोन वसाहती पसरत पसरत एकमेकींना भिडतात. जवळचं नातं असेल, तर नळ्या जुळतात आणि दोघींची एक वसाहत होते. नातं नसेल, तर सीमेवरच्या नळ्या फुगतात, त्यांत डंखपेशी गोळा होतात आणि समोरचीच्या अंगाला भोकं पडायला लागतात. मेंदू नाही, तरी आपलं-परकं अचूक कळतं! ही पारख मुख्यतः दोन जनुकांवर चालते.

एवढा कडवेपणा कशासाठी? या जिवाच्या अंगात मूलपेशी भटकत असतात आणि त्यांच्यातूनच अंडी, शुक्राणू तयार होतात. परक्याशी अंग जुळलं, तर त्याच्या मूलपेशी आत शिरून आपल्या खर्चाने स्वतःचीच संतती वाढवू शकतात. तेव्हा हे भांडण मला तरी रास्त वाटतं. अशा जिवांच्या, म्हणजे हायड्रॉइडांच्या, जननपेशी येतात कुठून, यावर जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमानने १८८३ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला होता.

याच मूलपेशींच्या जोरावर, पॉलिपचं डोकं कापलं तर दोन-तीन दिवसांत नवं येतं.