‘गेर्निका’ : चित्र कोणाचे?

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात पिकासोच्या ‘गेर्निका’ची एक छापील प्रत लावलेली आहे. दरवर्षी नवी तुकडी आली की पहिला प्रश्न ठरलेला, “सर, यात विमान कुठे आहे? बाँब कुठे आहे?” चित्र बाँबहल्ल्याचे आहे असे आम्ही सांगतो, आणि चित्रात ना विमान, ना बाँब, ना गावाची ओळखीची एखादी खूण. प्रश्न रास्त आहे. वर्गात तासाची घंटा होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

गेर्निका हे स्पेनच्या उत्तरेकडील बास्क लोकांचे एक लहान गाव. बास्क भाषा स्पॅनिशहून अगदी निराळी. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. गावात एक ओक वृक्ष आहे. त्याच्याखाली पूर्वी बास्कांची सभा भरत असे आणि राज्यकर्ते त्यांचे हक्क राखण्याची शपथ घेत. गाव लहान, पण मान मोठा. 1936 मध्ये जनरल फ्रँको आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केले व स्पेनमध्ये यादवी पेटली. 26 एप्रिल 1937 रोजी, सोमवारी, म्हणजे गावच्या बाजाराच्या दिवशी, फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन व इटालियन विमानांनी दुपारी साडेचारच्या सुमारास हल्ला सुरू केला. तो तीन तासांहून अधिक चालला. गाव जळाले, ओक वाचला. पुढे फ्रँकोच्या बाजूने तर असा प्रचार झाला की, बास्कांनी आपले गाव स्वतःच पेटवले!

पिकासो बास्क नव्हता. तो दक्षिणेतल्या मालागाचा आणि राहायला पॅरिसमध्ये. तेथल्या 1937 च्या जागतिक प्रदर्शनात स्पॅनिश सरकारच्या दालनासाठी मोठे चित्र काढायचे त्याने कबूल केले होते, पण विषय सुचत नव्हता. हल्ल्याच्या बातम्या आल्या आणि 1 मे रोजी त्याने पहिली रेखाटने केली. जूनच्या सुरुवातीला सुमारे साडेअकरा फूट उंच आणि साडेपंचवीस फूट रुंद असे चित्र तयार झाले.

आता प्रतीकडे पाहा. रंग फक्त काळा, पांढरा, करडा, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखे. डावीकडे मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई, वर बैल. मध्ये भाला घुसलेला घोडा, त्याच्या डोक्यावर डोळ्यासारखा विजेचा दिवा. उजवीकडे आगीत सापडलेली बाई. खाली पडलेल्या सैनिकाच्या हातात मोडकी तलवार आणि तिच्याजवळ एक लहानसे फूल. हल्ला करणारा कोठेच नाही. आहेत ती फक्त सोसणारी. आम्हांला वाटते, विमान काढले असते तर हे चित्र 1937 सालचेच राहिले असते. 5 फेब्रुवारी 2003 रोजी इराक युद्धाची बाजू मांडायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री संयुक्त राष्ट्रसंघात आले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेरील या चित्राची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्याने झाकलेली होती. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसाठी ती पार्श्वभूमी बरी दिसत नाही, असे कारण दिले गेले. असो.

यादवीत फ्रँको जिंकला. बास्क भाषा शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार झाली; पालकांनी आणि शिक्षकांनी आपल्या भाषेच्या शाळा दबकत दबकत चालवल्या. सीमाभागातल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. चित्र इतकी वर्षे न्यूयॉर्कच्या संग्रहालयात होते, कारण स्पेनमध्ये लोकांचे स्वातंत्र्य परत आल्याशिवाय ते तेथे जाऊ नये, अशी पिकासोची अट होती. पिकासो 1973 मध्ये वारला, फ्रँको 1975 मध्ये. चित्र 1981 मध्ये स्पेनला पोचले, पण ते राजधानी माद्रिदला.

बास्कांचे म्हणणे, आमच्या गावाचे दुःख आमच्याकडे का नको? 1997 मध्ये बिल्बाओला नवे संग्रहालय उघडले तेव्हा त्यांनी चित्र निदान काही काळ मागितले. कापड जीर्ण झाले आहे, प्रवास सोसणार नाही, असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. अनेकदा गुंडाळून देशोदेशी फिरवल्याने चित्राची हानी झालेलीच आहे. तरी मागणी चुकीची होती असे आम्हांला म्हणवत नाही.

गेर्निका गावात आज एका भिंतीवर या चित्राची फरशांवर केलेली प्रतिकृती आहे. तिच्याखाली बास्क भाषेत लिहिले आहे, ‘गेर्निका’ गेर्निकाला. त्यात चित्राच्या नावाचे स्पेलिंग स्पॅनिश आहे, गावाच्या नावाचे बास्क.