संगणक सुरू होत नाही तेव्हा

‘संगणक बंद पडला आहे’ एवढीच नोंद करून दुरुस्ती करणाऱ्यास पाचारण करण्याची पद्धत अनेक कार्यालयांत व शाळांत रूढ आहे. वैद्याकडे जाऊन ‘रोगी आजारी आहे’ एवढेच सांगण्यासारखे हे झाले. कळ दाबूनही यंत्रात काहीच हालचाल न होणे, पंखा फिरत असूनही पडदा काळा राहणे, पडद्यावर अक्षरे उमटून तेथेच थांबणे, आणि कार्यप्रणालीचे चिन्ह दिसून यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होणे, हे चार निरनिराळे विकार आहेत. त्यांची कारणे वेगळी, आणि मुख्य म्हणजे दप्तराला असलेला धोकाही वेगळा. पहिल्या दोन प्रकारांत हार्ड डिस्कवरील माहिती बहुधा सुरक्षित असते. पुढच्या दोहोंत तशी खात्री देता येत नाही.

कळ दाबल्यापासून काय घडते ते पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. भिंतीतील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह संगणकाला थेट चालत नाही. एसएमपीएस नावाची पेटी त्याचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते, आणि हा पुरवठा स्थिर झाल्याची खूण तिच्याकडून मिळेपर्यंत प्रोसेसर काम सुरू करीत नाही. त्यानंतर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम साठविलेली आज्ञावली वाचली जाते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणतात, नव्यांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. ही आज्ञावली स्मृती, कळफलक, पडदा यांची हजेरी घेते, कार्यप्रणाली कोठे आहे ते शोधते आणि सूत्रे तिच्या हाती देऊन बाजूला होते. यंत्र कोणत्या पायरीवर अडले एवढे जरी सांगता आले तरी निम्मे निदान झाले.

काहीच हालचाल नसेल तर प्रथम भिंतीतील सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. यूपीएसची बॅटरी निकामी झालेली असणे हेही नित्याचे कारण आहे. यूपीएस वगळून थेट जोडणी करून पाहिल्यास ते कळते. त्यानंतर वायर काढून ठेवून कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून जातो. यानेही काही यंत्रे सुरू होतात. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, अशा वेळी मॉनिटरची वायर सैल नाही ना हे पाहून झाले की संशय बहुधा रॅमच्या पट्टीवर येतो. कोकणासारख्या दमट हवेच्या भागात पट्टीच्या व खाचेच्या संपर्कबिंदूंवर धूळ व ओल यांचा थर साचतो. वीजजोडणी पूर्ण तोडून, पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवून, पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलीच्या रबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसविली असता पुष्कळ यंत्रे पूर्ववत होतात. काही यंत्रे या टप्प्यावर ‘टूं टूं’ असा आवाज करतात. तो किती वेळा व किती लांब झाला हे मोजून लिहून ठेवावे. त्याचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो, म्हणून अंदाज बांधू नये.

तारखेची गोष्ट अनेकांना क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ या नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा, ३ व्होल्टचा घट असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपला की घड्याळ मागे जाते. यंत्र सुरू होते, परंतु सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असे संगणक समजतो. दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाला ‘सर्व्हर बंद आहे’ असे सांगण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहिलेली बरी. जुन्या यंत्रांत याच घटाबरोबर बायोसमधील मांडणीही पुसली जाते आणि कार्यप्रणाली कोणत्या डिस्कवरून घ्यायची याचा क्रम बिघडू शकतो. विसरून लावून ठेवलेला पेन ड्राइव्हही असाच घोटाळा करतो.

केवळ सॉफ्टवेअरच्या दोषाने काय होऊ शकते, याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेली एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी वितरित होऊ लागली व ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्त फाइल तयार होती, पण जो संगणक सुरूच होत नाही तो ती घेणार कशी? एकेका यंत्रापाशी बसून, ते सेफ मोडमध्ये सुरू करून, ती फाइल हाताने काढून टाकावी लागली. ज्यांच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या त्यांना ४८ अंकी किल्लीही हवी होती, आणि अनेकांनी ती जपून ठेवलेली नव्हती.

सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच भागांनिशी कार्यप्रणाली सुरू करणे. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होऊ शकली नाही, तर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो आणि तेथून हा मार्ग निवडता येतो. यंत्र या मार्गाने सुरू झाले तर अलीकडेच बसविलेला प्रोग्राम काढून टाकावा. परंतु त्याआधी आवश्यक कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत.

हार्ड डिस्कमधून ‘कट् कट्’ असा आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा कळ दाबण्याचा मोह टाळला पाहिजे. फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगणारे तिचे वाचनशीर्ष बिघडले असेल तर प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर तबकडीवर ओरखडे वाढत जातात. यंत्र तत्काळ बंद करून डिस्क तज्ज्ञाकडे द्यावी. पोर्टलवर भरलेली माहिती केंद्रीय सर्व्हरवर असते, ती जात नाही. जाते ती त्या यंत्रावरच तयार केलेली सामग्री, जसे नमुना ८ च्या कर आकारणीची कच्ची पत्रके, ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे मसुदे, शाळेच्या निकालपत्रांचे तक्ते.

दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र सोपविताना त्याच्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. यंत्र कोणत्या पायरीवर अडते, पडद्यावर उमटलेले शब्द जसेच्या तसे, आदल्या दिवशी वीज गेली होती काय, आणि शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ: लेखी अनुमतीवाचून डिस्क फॉरमॅट करू नये.