लोड चालू असताना

सकाळी ७. थंडीत पहिला फोन गीझरचाच असतो. जुन्या वाड्यातल्या काकू म्हणतात, "पाणी तापायला फार वेळ लागतो. कॉइल गेली असणार, नवीनच टाका." कॉइल तुटली तर पाणी तापतच नाही, म्हणून आधी मोजायचं.

७.३०. गीझर चालू ठेवूनच मोजतो. क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. गीझरपाशी २०८ व्होल्ट, प्रवाह ७.९ अँपिअर. भागाकार २६.३ ओहम. पाटीवर २३० व्होल्टला २००० वॅट लिहिलंय. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५. कॉइल ठणठणीत आहे.

गुणाकार मात्र १६४३ वॅटच येतो. व्होल्टेज साडेनऊ टक्के उतरलं की प्रवाहही तेवढाच उतरतो, त्यामुळे शक्ती जवळजवळ अठरा टक्क्यांनी घटते. त्याच वेळी मीटरच्या बोर्डावर २२२ व्होल्ट आहेत. मधले १४ व्होल्ट भिंतीतच राहतात. १४ ला ७.९ ने भागलं की पावणेदोन ओहम. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला, जाऊन-येऊन तीस मीटर धरले तरी, पाव ओहमही भरत नाही. आणि १४ गुणिले ७.९ म्हणजे ११० वॅटची उष्णता, लाकडी तुळयांच्या घरात, प्लास्टरच्या आड. मला पाण्यापेक्षा याची काळजी.

८.३०. मेन स्विच बंद करून जॉइंट बॉक्स उघडला. तांब्याची वायर जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीला नुसती पिळलेली, वरची टेप वितळलेली. बोर्डापासून सलग नवी वायर ओढेपर्यंत साडेदहा वाजले. आता २२० व्होल्ट, ८.३ अँपिअर, १८२६ वॅट. कॉइल तीच.

११.३०. दुकानात आयटीआयचा मुलगा १०० वॅटचा जुना बल्ब मल्टिमीटरला लावून बसलाय. ४० ओहम दिसतात, हिशेब तेराशे वॅटचा येतो, आणि तो चक्रावतो. बल्ब लावून प्रवाह मोजायला सांगितलं: ०.४३ अँपिअर. म्हणजे ५३५ ओहम. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध दहापटीहून अधिक होतो. गीझरच्या नायक्रोमचा फारसा बदलत नाही. तो हे आता विसरणार नाही, कारण आकडा त्याच्या हातून निघाला.

दुपारी ३. शेतावर एक हॉर्सपॉवरची मोटर, दर हंगामाला जळते. इथे व्होल्ट भागिले अँपिअर करून वाइंडिंगचा रोध काढता येत नाही, आणि नुसता गुणाकारही वॅट देत नाही. पॉवर फॅक्टर मध्ये येतो. पण केबलला सकाळचाच हिशेब लागू पडतो. स्टार्टरपाशी २०५ व्होल्ट, विहिरीपाशी १८५, प्रवाह ९ अँपिअर. वीस भागिले नऊ: २.२ ओहम. अंतर नव्वद मीटर, केबल दीडची. आकडा बरोबर जुळतो. केबलमध्येच १८० वॅट जळतात. शिवाय गीझरच्या उलट, व्होल्टेज पडलं की मोटर जास्त प्रवाह ओढते. सातचे नऊ अँपिअर झाले की वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून अधिक होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने चढते.

"दादा, पुन्हा वाइंडिंग करून घेऊ का?" शेतकरी विचारतात. आधी चारची केबल टाका, मग मोटरपाशी पुन्हा मोजू.

संध्याकाळी ६. केबलवाल्याकडे नव्वद मीटरची मागणी नोंदवली. उद्या सकाळी शेतावर.