चिनी साम्राज्यातील परदेशी रेल्वे-अभियंते : नेमणुकीच्या अटी

चिंग राजवटीच्या अखेरच्या काळात चीनमध्ये नोकरीस असलेल्या परदेशी रेल्वे-अभियंत्यांचा विचार करताना वेतनाच्या आकड्यांकडेच प्रथम लक्ष जाते. परंतु त्यांना नेमणारा कोण आणि काढणारा कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. आणि त्याचे उत्तर कर्जाच्या करारनाम्यांत सापडते.

१८९८ साली उत्तर चीनमधील रेल्वेसाठी ब्रिटिश अँड चायनीज कॉर्पोरेशनकडून २३ लक्ष पौंडांचे कर्ज घेण्यात आले. मुख्य अभियंता ब्रिटिश प्रजाजन असावा, असे त्यात ठरले. किंडर हा ब्रिटिश गृहस्थ त्या पदावर होताच. पुढे नवा नेमावयाचा झाल्यास कॉर्पोरेशनशी विचारविनिमय करणे आवश्यक होते. प्रमुख युरोपीय नोकरांस गैरवर्तनाबद्दल किंवा अकार्यक्षमतेबद्दल काढण्याचा अधिकार चिनी प्रशासकास होता खरा. पण तोही मुख्य अभियंत्याचा सल्ला घेऊनच! धन्याने चाकरास विचारून चाकर काढावयाचे, असा हा उफराटा प्रकार होता.

१९०८ च्या तिएन्त्सिन-पुकौ करारात ही गाठ पुष्कळ सैल झाली. उत्तर भागावर जर्मन व दक्षिण भागावर ब्रिटिश मुख्य अभियंता आला. तथापि बांधकाम व नियंत्रण चिनी सरकारकडेच राहिले, आणि अभियंत्याने चिनी संचालकाच्या हुकुमाप्रमाणे वागावे असे स्पष्ट लिहिले गेले.

दरम्यान, १९०५ ते १९०९ या काळात पेकिंग-काल्गन मार्ग झान तिएन्यू या चिनी अभियंत्याने बांधला. तो येल विद्यापीठाचा पदवीधर असून पूर्वी किंडरच्याच हाताखाली होता. या मार्गासाठी परदेशी कर्ज काढले गेले नाही. खर्च भागला तो किंडरच्या उत्तर चीन रेल्वेच्या नफ्यातून.