चौथं झेंडावंदन

मराठवाड्यातल्या शाळेच्या बॅण्डपथकाला उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एक झेंडावंदन जास्त वाजवावं लागतं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे सगळ्यांचेच. १७ सप्टेंबर मात्र खास इथला. १९४८ साली त्या दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं आणि मराठवाडा मोकळा झाला. त्यामुळे ऑगस्टचं संचलन उरकून ड्रम कपाटात ठेवावा, तोवर पुन्हा सरावाची वेळ होते. मधे गणपती येतात ते वेगळेच.

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी वसलेल्या नरसी नामदेवसारख्या गावातली मुलं मात्र ताल शिकायला शाळेची वाट बघत नाहीत. परंपरेनं हे संत नामदेवांचं जन्मगाव. जन्म २६ ऑक्टोबर १२७०. वारकरी कीर्तनाचे आद्य प्रवर्तक म्हणून नामदेवांचंच नाव घेतात. ते कीर्तन पंजाबपर्यंत गेलं. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि ती रागवार लावलेली आहेत. म्हणूनच नरसीत मंदिराच्या जोडीला गुरुद्वारा आहे, पंजाबातून भाविक येतात. पंजाबात त्यांचं वास्तव्य जिथे झालं, त्या घुमान गावी २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नरसीचं नावही पुन्हा चर्चेत आलं.

याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची आख्यायिका तर लहान पोरालाही तोंडपाठ असते. देवळासमोर कीर्तन नको, मागे जा म्हणून नामदेवांना हुसकलं, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं! नंदी आजही देवळाच्या मागच्या अंगाला दाखवतात. गाणाऱ्याला मागे लोटलं तरी देव त्याच्याकडे तोंड करतो, हा विश्वास या मुलखात असा दगडात दिसतो.

अशा गावात मूल ताल धरायला दोन ठिकाणी शिकतं. पहिलं ठिकाण हरिनाम सप्ताहाचा मांडव. पहाटे काकडा, दुपारी गाथाभजन, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात. एकानं उतरवली की दुसऱ्यानं गळ्यात घालायची. मध्यरात्रीचा पहारा कोण घेणार, यावरून कुठल्या घरात किती जीव आहे ते गावाला कळतं. टाळकऱ्यांच्या रांगेत पोरं कडेला उभी राहतात आणि मोठ्यांची पावली बघत बघत पाय टाकायला लागतात. कुणी मुद्दाम शिकवत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायचं काम मात्र हौसेनं मागून घेतात. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी पडली की पोकळ येतो. बोटानं थोडी काढायची, थाप मारून ऐकायचं, पुन्हा थोडी लावायची. कान तयार होतो तो असा.

दुसरं ठिकाण शाळेचं मैदान. इथे साइड ड्रम, मोठा ड्रम, झांज, ट्रँगल, बिगूल आणि ‘कदम ताल’ची आरोळी. ही वाद्यं आपल्याकडे पलटणींबरोबर आली. हिंगोली तर १९०३पर्यंत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणीच होती. पुढे स्काउट-गाइड आणि कवायतीच्या तासांनी हा सरंजाम शाळांमध्ये रुळवला. त्याच्या शेजारी आपली लेझीम उभी राहिली: लाकडी दांडा, लोखंडी साखळी, त्यात चकत्या. ‘लेझीम स्कंध’, ‘हुशार’, मग चार आवाज. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांत सांगलीच्या पथकानं हीच लेझीम साऱ्या देशाला दाखवली.

दोन्हींची शिस्त वेगळी दिसते, पण गाभा एकच. दिंडीत चोपदारानं चोप उंचावला की टाळ थांबतात. संचलनात पुढच्या पोरीनं दंड वर केला की ड्रम थांबतो. दोन्हीकडे एकट्याचं कौतुक नाही. एकाचा ठोका पुढे पळाला की अख्ख्या रांगेचा पाय चुकतो. म्हणून वाजवायला येण्याइतकंच शेजारच्याचं ऐकायला यावं लागतं. गावात राहणं तरी दुसरं काय असतं?

जूनमध्ये पहिलीची मुलं वाजतगाजत शाळेत आणतात, आषाढीला बालदिंडी निघते, प्रभातफेरी गल्लीबोळ हिंडते. ज्या घरासमोरून ड्रम जातो, त्या घरचं माणूस दारात येतंच. आपलं पोर कुठल्या रांगेत आहे हे बघण्यात पुढारी, मजूर, आजी सगळे सारखे. ड्रम फुटला तर वर्गणी निघते ती यामुळेच. सरकारी कागदावर तिला ‘लोकसहभाग’ म्हणतात.

हीच पोरं पुढे पुणे-चाकणच्या कारखान्यांत, हैदराबादेत, ऊसतोडीच्या फडावर जातात. गावाकडे हळद आणि सोयाबीन म्हातारी माणसं सांभाळतात. पण आषाढ वद्य एकादशीला, पंढरपूर करून आलेले वारकरी नरसीला परतवारीला येतात, तेव्हा कयाधूचा काठ माणसांनी फुलतो. बाहेरगावी गेलेला माणूसही त्या गर्दीत टाळ हातात घेतो आणि पाय आपोआप पडतात. गावाची माया म्हणतात ती बरीचशी अशी अंगात मुरलेली असते. रांगेत आपली एक जागा होती, हे शरीर विसरत नाही.

तेव्हा परतवारीला आलेल्यांना एक सुचवावंसं वाटतं. देवळाच्या फरशीला देणगी द्याल ती द्याच, पण जाता जाता शाळेतही डोकावा. ड्रमचं पान बदलायचं असेल, बिगूल पिचलेला असेल. ‘सप्रेम भेट, माजी विद्यार्थी’ असं ड्रमवर रंगवून घ्यायलाही हरकत नाही. फक्त १७ सप्टेंबरच्या आत द्या. सराव करायला पोरांना निदान आठ दिवस तरी लागतात.