तहसील, महसूल आणि अरबीची तीन अक्षरे

तहसील कचेरीत महसूल भरायला गेलेला आपला शेतकरी ‘एवढे हेलपाटे घालून काय हशील?’ असे म्हणतो, तेव्हा तहसील, महसूल आणि हशील हे एकाच अरबी धातूचे तीन शब्द त्याच्या तोंडी येतात. फारसी दप्तरातून ते मराठीत आले आणि घरचे झाले. कन्नडनेही तहसीलदार, मंजूर, वसुली हे शब्द असेच आपलेसे केले.

अरबी शिकणारे आपले विद्यार्थी आणि नोकरीसाठी आखातात जाणारे तरुण बहुधा शब्दांच्या याद्या घोकतात. घोकलेले टिकत नाही. आम्हा शिक्षकांना वाटते, घरात आहे त्यापासूनच सुरुवात करावी.

अरबीतील बहुतेक शब्दांचा गाभा तीन व्यंजनांचा असतो. मूळ अर्थ त्या गाभ्यात असतो; स्वर आणि पुढेमागे लागणारी अक्षरे ठरलेल्या साच्याने येतात. मराठीतही पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांत आतला स्वर बदलला की अर्थ बदलतो. अरबीत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर चालतो.

तीन साचे पाहू. पहिला करणाऱ्याचा: आलिम म्हणजे जाणणारा, कातिब म्हणजे लिहिणारा, नाजिर म्हणजे पाहणारा. कोर्टातला नाजर तो हाच. हासिल, म्हणजे आपले हशील, याच साच्यातले. दुसऱ्या साच्यात आरंभी ‘म’ येतो आणि क्रिया झालेली असते: मालूम म्हणजे जाणलेले, मकतूब म्हणजे लिहिलेले, मंजूर म्हणजे पाहिलेले, महसूल म्हणजे मिळालेले उत्पन्न. नजर आणि मंजूर ही सख्खी भावंडे आहेत, हे आता ध्यानात येईल. तिसऱ्या साच्यात आरंभी ‘त’ येतो: तालीम म्हणजे शिकवणे, तहसील म्हणजे मिळवणे, गोळा करणे.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली उच्चाराची. अरबीतील चार वेगळी अक्षरे मराठीत ‘ज’ किंवा ‘झ’ होतात. हजर आणि नजर यांचा ‘ज’ मुळात एक नाही. मालूम, तालीम यांतल्या लांब ‘आ’मागे ‘ऐन’ हे व्यंजन लपलेले आहे. वसूल हा शब्द महसूलचा भाऊबंद वाटतो, पण त्याचा धातू निराळा. दुसरी गोष्ट अर्थाची. अरबीत गरीब म्हणजे परका, विलक्षण, निर्धन नव्हे. आपली तालीम आखाड्यात आणि नाटकात गेली, अरबांची शाळेतच राहिली. तिसरी गोष्ट, प्रत्येक धातू प्रत्येक साच्यात चालतोच असे नाही. म्हणून मनाने शब्द घडवू नयेत, कोशात पाहावेत.

अरबी कोश पुष्कळदा धातूवार लावलेले असतात. मकतब हा शब्द तेथे ‘म’खाली नव्हे, ‘क-त-ब’खाली सापडतो. धातू ओळखता आला नाही, तर कोश हाती असूनही उपयोग नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच: मुलांच्या वहीत धातू, साचा आणि अर्थ असे तीन रकाने आखून द्यावेत. रोज एक धातू पुरे. सुरुवातीचे शब्द सातबारा, कोर्टाची नोटीस आणि शाळेचे हजेरीपत्रक यांतच सापडतील. आजोबांच्या दप्तरातला शब्द नातवाला परक्या भाषेचे दार उघडून देईल.