टर्मिनलशी मैत्री, भाग ९ : अठरा अध्याय ओळीनं

भोसरीहून सकाळच्या पाळीची बस निघते. मोशीला इंद्रायणी ओलांडून, चिंबळी फाटा आणि कुरुळी मागे टाकत चाकणला पोचायला किती वेळ लागेल, ते नाशिक महामार्गावरची गर्दी ठरवते. या वेळात कितीतरी जण ज्ञानेश्वरीवरची प्रवचनं ऐकतात, हरिपाठ ऐकतात. देहू आणि आळंदी याच नदीकाठी, हाकेच्या अंतरावर आहेत. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीत मुक्कामाला असते. तेव्हा इथल्या कामगाराच्या मोबाइलमध्ये अभंग असणं स्वाभाविकच आहे.

अडचण येते ती क्रमाची. अठरा अध्यायांच्या अठरा फाइली एका फोल्डरमध्ये असतात आणि त्यांच्या नावांत १ ते १८ आकडे असतात. प्लेअर सुरू केला की अर्जुनविषाद संपल्याबरोबर एकदम दहाव्या अध्यायातला विभूतियोग लागतो. त्यामागून विश्वरूपदर्शन येतं. अठरावा अध्याय आटोपला की मग कुठे दुसऱ्यातल्या सांख्ययोगाची पाळी येते. साधी क्रमवारी लावताना संगणक आकड्याची किंमत बघत नाही, एकेक अक्षर ताडून बघतो. ‘१०’मधलं पहिलं अक्षर ‘१’ हे ‘२’च्या आधीचं, म्हणून दहा दोनच्या आधी येतो.

यावरचा इलाज म्हणजे स्वतःची प्लेलिस्ट. प्लेलिस्टमध्ये आवाज नसतो. ती एक साधी मजकूर-फाइल असते आणि तिच्यात एका ओळीवर एका फाइलीचा पत्ता असतो. १९९७ साली आलेल्या विनॲम्पमुळे घराघरांत पोचलेला ‘एमथ्रीयू’ हा प्रकार नेमका असाच आहे. वरच्या ओळीतली फाइल आधी वाजते, खालच्या ओळीतली नंतर. ॲपनं पुढचं गाणं परस्पर ठरवावं, हे मला पटत नाही. प्रवचनाच्या बाबतीत तर मुळीच नाही. क्रम ऐकणाऱ्यानं ठरवावा, आणि त्यासाठी एक ओळीची कमांड पुरते.

मागच्या भागात आपण ‘फाइंड’ शिकलो. प्रवचनांच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याला सगळ्या एमपीथ्री फाइली शोधायला सांगा. पुढे उभी रेघ, म्हणजे पाइप, द्या आणि ‘सॉर्ट’ लिहा. सॉर्टला उणे चिन्ह आणि कॅपिटल ‘व्ही’ जोडा. मग ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह देऊन नव्या फाइलीचं नाव लिहा. एवढ्यानं यादी तयार होते. एका प्रोग्रॅमचं उत्तर दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. आज मोबाइलवरच्या टर्मक्समध्येही ती तशीच चालते.

त्या कॅपिटल ‘व्ही’मुळे सॉर्ट अंकांचा अख्खा गट एक संख्या म्हणून वाचतो, त्यामुळे दोननंतर तीन येतो आणि नऊनंतर दहा. पण आपल्या लोकांनी इथे सावध राहायला हवं. सॉर्टला अंक म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात. फाइलीचं नाव ‘अध्याय १०’ असं देवनागरी अंकांत असेल, तर ते त्याच्या लेखी निव्वळ अक्षर असतं आणि जुना घोळ कायम राहतो. म्हणून नाव देतानाच ‘०१’, ‘०२’ असं शून्य लावावं. युनिकोडमध्ये देवनागरी अंक शून्यापासून नऊपर्यंत ओळीनं बसवलेले आहेत, त्यामुळे दोन अंकी नावं कोणत्याही सॉर्टनं बरोबर लागतात. फाइली नावांच्या अक्षरांवरून लावायच्या असतील, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नुसत्या युनिकोड क्रमानं लावलं तर ‘ज्ञ’नं सुरू होणारी नावं ‘ज’च्या गटाच्या शेवटाकडे सापडतात, कारण संगणकासाठी ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्त आणि ञ. ‘ळ’ही वर्णमालेतल्यासारखा ‘ह’नंतर येत नाही, ‘ल’ला लागून बसतो.

यादीच्या फाइलीला शेवटी ‘एमथ्रीयूएट’ हे नाव द्या. त्यातला आठ म्हणजे यूटीएफ-८. जुन्या एमथ्रीयूत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटण्याचा धोका असतो. इंटरनेटवर क्रिकेटचा सामना थेट बघता तेव्हा ॲपलनं २००९ मध्ये आणलेल्या पद्धतीत हाच फाइलप्रकार वापरला जातो. तिथल्या ओळींवर काही सेकंदांच्या तुकड्यांचे पत्ते असतात, एवढाच फरक.

कमांड नेहमी फोल्डरच्या आत जाऊन चालवा, म्हणजे पत्ते तिथल्यापुरते लिहिले जातात. घरच्या संगणकाचा पूर्ण पत्ता यादीत गेला, तर पेनड्राइव्ह बसमध्ये लावल्यावर एकही फाइल सापडणार नाही. बसमधले बरेच स्टिरिओ यादी वाचतच नाहीत. त्यातले काही नावंही बघत नाहीत आणि पेनड्राइव्हवर ज्या क्रमानं फाइली नोंदल्या गेल्या, त्याच क्रमानं वाजवतात. अशा वेळी यादीतल्या क्रमानं एकेक फाइल कॉपी करावी. नाहीतर ‘फॅटसॉर्ट’ नावाचं छोटं साधन ती नोंदवहीच क्रमानं लावून देतं.

अभंगांना असा क्रम लागत नाही. तिथे सॉर्टऐवजी ‘शफ’ लिहा, यादी दर वेळी नव्यानं पिसली जाईल. मला त्याहून उपयोगी वाटतं ते वेळेचं गणित. ‘एफएफप्रोब’ प्रत्येक फाइलीची लांबी सेकंदांत सांगतो. ‘ऑक’ला ती बेरीज करायला लावून २,७०० सेकंदांवर थांबवलं, की पाऊण तासाची यादी हातात येते. कंपनीच्या गेटपाशी ती संपावी आणि इअरफोन खिशात जावा, इतकीच ती लांब असावी. प्रेसच्या किंवा फोर्कलिफ्टच्या आसपास कान मोकळेच हवेत.

ही बेरजेची कमांड पुढच्या आठवड्यात एकेक पायरी करत लिहू. तोवर फाइलींच्या नावांना शून्यं लावून ठेवा.